कोथिंबीर वरून घालण्याआधी: औषधांना दाद न देणारे जीवाणू आणि कच्ची भाजी

मेथीची जुडी आणि कोथिंबिरीची जुडी एकाच शेतातून, एकाच पोत्यातून मंडईत येतात. मेथी कढईत जाते, तिच्यावरचे जीवाणू काही मिनिटांत मरतात आणि विषय तिथेच संपतो. कोथिंबीर मात्र गॅस बंद केल्यावर वरून भुरभुरली जाते. प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, दाद न देणाऱ्या जीवाणूंचा आपल्या स्वयंपाकघरातला जवळजवळ सगळा प्रश्न एवढ्याशा फरकात आहे.

या जीवाणूंचे नाव ऐकून वाटते की ते कशानेच मरत नसावेत. तसे नसते. त्यांच्याकडची जनुके ठरावीक औषधाचे रेणू तोडतात, किंवा औषध पेशीबाहेर ढकलून देतात. उकळत्या पाण्यापुढे त्या जनुकांचा काडीचा उपयोग होत नाही. भाजीच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान दोन मिनिटे टिकले, की ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूची साधी जात मरते आणि सेफिक्झिम या प्रतिजैविकाला न जुमानणारी जातही मरते. म्हणून पिशवीतली भाजी ओट्यावर ओतली की आधी तिचे दोन ढीग करा: गॅसवर जाणारी आणि न जाणारी. पहिल्या ढिगाला माती, कीड आणि फवारणीसाठी नेहमीसारखे धुणे पुरते. पुढची सगळी मेहनत दुसऱ्या ढिगासाठी आहे: कोथिंबीर, पुदिना, काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, बीट, कांदा आणि त्याची पात, कोशिंबिरीचा कोबी, सॅलडची पाने, कच्ची खाल्ली जाणारी मोडाची मटकी आणि मूग.

पोटात गेल्यावर बहुतेक वेळा काहीच होत नाही. ना ताप, ना जुलाब. म्हणून तर हा धोका कोणाच्या लक्षात येत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे जीवाणू आतड्यात मुक्काम करतात. त्यांची प्रतिकाराची जनुके बरेचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि अशी कडी शेजारच्या, आजवर निरुपद्रवी असलेल्या जीवाणूलाही मिळू शकते. पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला किंवा पोटाचे ऑपरेशन झाले, की हेच जीवाणू नको तिथे पोचतात आणि नेहमीची गोळी लागू पडत नाही. नेदरलँड्समधल्या प्रवाशांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक ईएसबीएल नावाचे विकर (एन्झाइम) तयार करणारे, म्हणजे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली बरीच औषधे तोडणारे जीवाणू पोटात घेऊन परतले होते. यात पाणी, मांस, भाजी, हात सगळेच आले. एकट्या भाजीवर खापर फोडता येत नाही. मात्र त्यातल्या निम्म्या लोकांच्या पोटातून ते महिनाभरात निघूनही गेले. रोज नवी भर पडली नाही तर शरीर त्यांना हुसकावते. घरी आपल्याला साधायचे आहे ते एवढेच, की भर कमी पडावी.

येतात कुठून

सांडपाणी हा पहिला रस्ता. माणसाने घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराच भाग लघवी-शौचातून तसाच बाहेर पडतो, सोबत प्रतिकार शिकलेले जीवाणूही. शहरातले नाले हे या दोघांचे एकत्र कुटुंब. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणारा पालक, माठ आणि मुळा सगळ्यांनी पाहिला आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूत औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडले होते. ही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी आहे. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतके सिप्रोफ्लॉक्सासिन नसते.

दुसरा रस्ता खताचा. ताजे कोंबडीखत किंवा न कुजलेले शेण यात जनावरांना दिलेल्या औषधांचा इतिहास साठलेला असतो. कोलिस्टिन हे डॉक्टरांच्या हातातल्या अखेरच्या औषधांपैकी एक, तेच कोंबड्यांच्या खाद्यात जात असे; भारतात खाद्यजनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली ती २०१९ मध्ये. पिकावर थेट फवारलेले प्रतिजैविकही आहे. डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी, लिंबावरच्या खैऱ्या रोगासाठी वापरले जाणारे स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे नऊ भागांस एक भाग असे मिश्रण. या दोन्हींचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा आदेश केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला.

तिसरा रस्ता सगळ्यांत जवळचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित: पालेभाजी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर दिवसभर शिंपडले जाणारे बादलीतले पाणी. सकाळी एका घाणेरड्या जुडीवर असलेले जीवाणू त्या बादलीतून संध्याकाळपर्यंत पन्नास जुड्यांवर पोचतात.

घेताना

ओलीचिंब जुडी ताजी समजू नका. देठ टचकन मोडतो का, पिवळी आणि चिकट पाने आहेत का, ते बघा. चिकटपणा म्हणजे पाने सडायला लागली आणि त्या रसावर जीवाणू पोसले जात आहेत. फुटलेला टोमॅटो, टोचलेली काकडी, चिरलेले गाजर कच्चे खाण्यासाठी घेऊ नका. सालीवरचे जीवाणू पाण्याने हलतात, भेगेत शिरलेले हलत नाहीत.

दुकानातल्या निवडलेल्या मेथीच्या, चिरलेल्या सॅलडच्या, मोडाच्या कडधान्यांच्या पिशव्या आणि डबे वेगळ्या नजरेने बघा. चिरलेल्या भाजीला जखम झालेली असते, तिचा रस बाहेर आलेला असतो. अशी भाजी सतत ५ अंशांच्या खाली राहिली तरच ठीक. डबा हातात घेऊन गार लागतो का पाहा. फळीवर बाहेर मांडलेला असेल तर कच्च्यासाठी घेऊच नका. फुगलेली पिशवी किंवा तळाशी साचलेले पाणी दिसले तरीही नको. ‘निवडलेली’ म्हणजे ‘धुतलेली’ नव्हे, हेही लक्षात असू द्या. धुऊन खाण्यास तयार असे स्पष्ट छापलेले, शीतकपाटातले पाकीट मात्र घरी पुन्हा धुण्यात फायदा नाही. उलट आपल्या सिंकमधले जीवाणू त्यावर जायचे.

सेंद्रिय लिहिले आहे म्हणून जीवाणू कमी, असे समीकरण मांडता येत नाही. सेंद्रिय शेतीत शेणखत असते. ते नीट कुजवले असेल तर उत्तम, नसेल तर रासायनिक शेतातल्या भाजीपेक्षा जास्त धुवावी लागेल.

चिकन-मटणाची पिशवी आणि भाजीची पिशवी कायमची वेगळी ठेवा. कापडी पिशव्या आठवड्यातून एकदा गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा.

धुणे: कोथिंबिरीची एक जुडी

धुण्याने भाजी निर्जंतुक होत नाही. चांगल्या वाहत्या पाण्याने दहातले नऊ जीवाणू जातात, फार तर शंभरातले नव्व्याण्णव. पानावर दहा लाख असतील तर लाखभर किंवा दहा हजार उरतात. ऐकायला हे वाईट वाटते, पण पोटात किती गेले यावर पुढचे बरेच ठरते, त्यामुळे एवढी घटही मोलाची. उरतात ते पानाच्या सूक्ष्म रंध्रांत, शिरांच्या खाचांत आणि चिकट थरात रुतलेले.

१. हात साबणाने २० सेकंद धुवा. सिंक, परात आणि रोळीही. सिंकमध्ये थोड्या वेळापूर्वी चिकन धुतले असेल तर आधी ते घासून घ्या.

२. जुडी सोडा. रबरबँड किंवा सुतळी तशीच ठेवून नळाखाली धरली तर पाणी मधल्या काड्यांपर्यंत पोचत नाही. मुळे आणि खालचा मातकट देठ कापून टाका, पिवळी आणि चिकट पाने काढा.

३. मोठ्या परातीत भरपूर पाणी घेऊन पाने बुडवा, हाताने हलवा आणि दोन मिनिटे थांबा. माती तळाशी बसते. आता पाने वर उचलून रोळीत घ्या. परात तिरकी करून पाणी ओतलेत तर तळाची माती पुन्हा पानांवरूनच जाते. जवळजवळ प्रत्येक घरात होणारी चूक ती हीच.

४. पाणी फेका, परात विसळा, पुन्हा भरा. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हे करायचे. पावसाळ्यात चार वेळा लागते, उन्हाळ्यात दोनदा पुरते.

५. शेवटी रोळीतली पाने नळाच्या धारेखाली मूठमूठ उलटीपालटी करत अर्धा मिनिट धरा. नळाला विहिरीचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर हे शेवटचे पाणी पिण्याचे घ्या.

६. निथळून स्वच्छ पंचावर पसरा आणि कोरडी करा. ही पायरी लोक सोडून देतात. फडक्याने टिपताना उरलेले काही जीवाणू निघतात, आणि कोरड्या पानावर राहिलेले वाढत नाहीत. पंचा हात पुसायचा नको, वेगळा आणि उकळून वाळवलेला हवा.

काकडी, गाजर, मुळा, बीट यांना मऊ ब्रशने नळाखाली घासा आणि मग सोला. आधी सोलून नंतर धुण्यात अर्थ नाही, कारण सुरी किंवा सोलणी सालीवरची घाण गरावर ओढत नेते. कोबीची वरची दोन-तीन पाने टाका. आतला गड्डा सहसा स्वच्छ असतो. कांद्याचे वरचे पापुद्रे काढून मगच धुवा.

टोमॅटोचे गणित जरा वेगळे आहे. उन्हात तापलेला टोमॅटो थंडगार पाण्यात टाकला, की त्याच्या आतली हवा आकसते आणि देठाच्या खळग्यातून बाहेरचे पाणी जीवाणूंसकट आत ओढले जाते. मग ते कशानेच धुतले जात नाही. म्हणून टोमॅटो आधी घरातल्या तापमानाला येऊ द्या, पाणी त्याच्यापेक्षा थोडे कोमटच असू द्या आणि बुडवून न ठेवता धारेखाली चोळा. चिरताना देठाजवळचा भाग सढळ हाताने कापून टाका.

साबण, भांड्यांचा लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. पाने आणि साली सच्छिद्र असतात, साबण आत मुरतो आणि पोट बिघडते ते साबणाने.

क्लोरीनचे पाणी आणि त्याचा हिशेब

घरात लहान मूल, म्हातारे माणूस किंवा आजारी कोणी असेल, पावसाळा असेल, किंवा भाजी कुठल्या पाण्यावरची आहे याची शंका असेल, तर पाण्याने धुतल्यावर क्लोरीनची एक पायरी वाढवा. औषधाला न जुमानणारे जीवाणूही क्लोरीनला सहसा साध्या जीवाणूंसारखेच बळी पडतात.

लागते ते साधे सोडियम हायपोक्लोराइट: सुवास, रंग, साबण काही न घातलेले, आणि खाद्यपदार्थ किंवा पिण्याच्या पाण्यासाठी चालते असे छापलेले. बाटलीवर टक्केवारी असतेच. सूत्र असे (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम क्लोरीन):

मिलिलिटर = (लिटर पाणी × हवे असलेले पीपीएम) ÷ (टक्केवारी × १०)

परातीत ५ लिटर पाणी आहे, १०० पीपीएम हवे आहे आणि बाटली ४ टक्क्यांची आहे. ५ × १०० = ५००, भागिले ४०, म्हणजे साडेबारा मिली. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १० मिली, म्हणजे मापाचे दोन छोटे चमचे. पोहे खायचा चमचा माप म्हणून चालत नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. १०० पीपीएमच्या वर जाण्याची घरी गरज नाही.

धुतलेली पाने त्यात पूर्ण बुडवून ५ मिनिटे ठेवा, मग पिण्याच्या पाण्यातून दोनदा काढा. याने उरलेल्यांपैकी आणखी दहातले नऊ जाऊ शकतात. चुका होतात त्या अशा. मातकट भाजी थेट क्लोरीनमध्ये टाकली तर क्लोरीन मातीतच खर्ची पडते, म्हणून आधी धुणे हवेच. एकाच पाण्यात चार जुड्या काढल्या तर शेवटच्या जुडीच्या वाट्याला नुसते पाणी येते. बोअरचे जड, खारट पाणी अल्कधर्मी असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो. आणि वर्षभर खिडकीत उन्हात ठेवलेल्या बाटलीत छापलेल्या टक्क्यांतले फारसे काही उरत नाही. लहान बाटली आणा, अंधाऱ्या गार जागी ठेवा, तीन-चार महिन्यांत संपवा.

भांडे प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे घ्या, ॲल्युमिनियमचे आणि तांब्याचे नको. हायपोक्लोराइटमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. दुप्पट परिणाम व्हावा म्हणून दोन्ही एकत्र ओतणारी मंडळी असतात, म्हणून हे ठळक.

ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, या कामाला नको. ताजी असताना तिच्यात साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन असते, पण पोते उघडल्यावर ते भराभर उडते. त्यामुळे माप चुकते आणि चुन्याचा थर पानांवर बसतो.

मीठ, हळद, सोडा, व्हिनेगर, लाल औषध

मिठाच्या पाण्याने अळ्या आणि मावा सुटून येतात. फ्लॉवरसाठी ते उत्तमच, पण जीवाणूंसाठी कुचकामी: समुद्राइतक्या खारट पाण्यातही दहा मिनिटांत त्यांना काही होत नाही. हळदीचे पाणी मनाचे समाधान. खायच्या सोड्याचा काही कीटकनाशके उतरवायला उपयोग होतो, जीवाणू मारायला नाही. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे लाल औषध, जुन्या घरांत असे. माप नेमके ठेवता येत नाही, मातीत ते लगेच खर्च होते आणि जास्त झाले तर पाने तपकिरी पडतात.

व्हिनेगरला थोडा अर्थ आहे. दुकानातले व्हिनेगर सहसा ४ टक्क्यांचे असते. एक वाटी व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, दहा मिनिटे आणि मग साधे पाणी. जीवाणू काही प्रमाणात घटतात, पण कोवळी पाने मलूल होतात आणि वास मागे राहतो. काकडी-गाजराला चालेल, कोथिंबिरीला नको.

आता कोशिंबिरीवरच्या फोडणीबद्दल. तेल कडकडीत असते हे खरे, पण ते चार ठिकाणी पडते आणि गार काकडीला लागताच निवते. फोडणीने चव येते, निर्जंतुकीकरण होत नाही. दही आणि लिंबू यांचा आंबटपणा जीवाणूंची वाढ मंदावतो, असलेल्यांना चटकन मारत नाही. आमटीवरची कोथिंबीर मात्र सहज सुरक्षित करता येते: उकळी चालू असताना घाला, ढवळा, झाकण ठेवा आणि मिनिटभराने गॅस बंद करा. रंग थोडा उतरतो, वास टिकतो.

हिरव्या चटणीसाठी पाने उकळत्या पाण्यात २० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. चटणी उलट जास्त हिरवी राहते. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा.

मोडाची मटकी: इथे धुणे पुरत नाही

सगळ्या कच्च्या पदार्थांत सगळ्यांत जोखमीचे कोणते, तर मोड आलेली कडधान्ये. कारण साधे आहे. दाण्याच्या भेगेत दोन-चार जीवाणू असतात. आपण त्यांना ओलावा देतो, उबदार फडक्यात बांधतो आणि दीड-दोन दिवस हात लावत नाही. मटकीला मोड येतात त्याच वातावरणात जीवाणू हजारो-लाखो पटींनी वाढतात, आणि ते मोडाच्या आतपर्यंत शिरलेले असतात.

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत ई. कोलाय ओ१०४:एच४ या जातीची साथ आली. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले, शेकडोंची मूत्रपिंडे निकामी झाली. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. अखेर शोध थांबला तो मेथीच्या मोडांपाशी. बी इजिप्तहून आले होते. तो जीवाणू ईएसबीएल तयार करणारा होता. माणसे मात्र त्याने सोडलेल्या शिगा नावाच्या विषाने दगावली, औषध लागू पडले नाही म्हणून नव्हे. या दोन गोष्टी एकाच जीवाणूत येऊ शकतात, हे त्या साथीने दाखवले.

घरी मोड आणताना: दाणे निवडून तीन-चार पाण्यांत धुवा. पिण्याच्या पाण्यात ८ तास भिजवा, तरंगणारे आणि फुटके दाणे टाका. भिजवलेले पाणी ओतून द्या, पिठात किंवा आमटीत घालू नका. फडके प्रत्येक वेळी उकळून वाळवलेले हवे. कायम ओट्याच्या कोपऱ्यात पडून असलेले ते आंबूस वासाचे मोडाचे फडके टाकून द्या. बांधलेले दाणे सकाळ-संध्याकाळ पिण्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण निथळा. अर्धा इंच मोड आले की फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. चिकट लागले, कुबट वास आला तर शिजवूनही खाऊ नका.

उसळ, मिसळ असेल तर पुढे चिंता नाही. भेळ, सॅलड किंवा डब्यासाठी कच्चे हवे असतील तर उकळत्या पाण्यात टाका, पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून २ मिनिटे मोजा, चाळणीत ओता. दाणा अर्धकच्चा, करकरीत राहतो. दाणे टाकताच पाणी निवते, म्हणून वाटीभर मटकीला दीड-दोन लिटर पाणी घ्या. कच्चे मोड क्लोरीनमध्ये बुडवून सुरक्षित होत नाहीत. जीवाणू आत असतात, क्लोरीन बाहेर राहते.

चिरल्यावर

कितीही धुतले तरी काही जीवाणू उरतात. चिरल्यावर त्यांना रस मिळतो. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात ते अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकतात, म्हणजे सकाळी नऊला चिरलेली काकडी दुपारी एकच्या पंगतीत वेगळीच वस्तू असते. कोशिंबीर वाढण्याआधी करा. बाहेर २ तासांहून जास्त ठेवू नका; ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर १ तास. फ्रिज ५ अंशांच्या खाली असेल तर ई. कोलाय वाढत नाही, पण मरतही नाही. फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवून बघा, खचाखच भरलेल्या फ्रिजचा दारातला कप्पा बरेचदा १० अंशांवर असतो. वीज गेली तर दार उघडू नका. ४ तासांनंतर चिरलेल्या कच्च्या गोष्टी टाका.

पालेभाजी आणल्याबरोबर धुऊन ओलीच डब्यात भरणे ही दुसरी सर्रास चूक. निवडा, कागदात गुंडाळा, ठेवा आणि लागेल तेव्हा धुवा.

विळी, सुरी आणि पाट यांचा क्रम ठरवून टाका: आधी कच्ची खायची भाजी, मग शिजणारी, शेवटी मासळी-चिकन. पाट दोन असले तर उत्तम. चिकन नळाखाली खळखळ धुण्याने थेंब दोन-अडीच फुटांपर्यंत उडतात, आणि शेजारी रोळीत निथळत असलेल्या कोथिंबिरीवर मंडईतल्यापेक्षा वाईट जीवाणू आपणच पाठवतो. चिकन धुऊ नका. शिजवताना सगळे मरते.

गच्चीवरची आणि परसातली भाजी

स्वतःची म्हणून न धुता तोडून खाल्ली जाते, म्हणून खताकडे लक्ष हवे. ताजे शेण किंवा कोंबडीखत घातले असेल, तर जमिनीला टेकणाऱ्या भाजीसाठी खत घालणे आणि तोडणी यांत १२० दिवस, न टेकणाऱ्या टोमॅटो-काकडीसाठी ९० दिवस जाऊ द्या. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणातला हा नियम आहे. कोथिंबीर ४०-४५ दिवसांत तयार होते, तेव्हा तिला ताजे शेण घालायचेच नाही, असाच याचा अर्थ. कुजवताना ढिगाच्या आत ५५ अंश किंवा जास्त तापमान १५ दिवस टिकायला हवे, आणि त्या काळात ढीग पाच वेळा वरखाली करायला हवा, म्हणजे कडेचा भागही आत तापेल. बादलीएवढ्या ढिगात इतकी उष्णता साठत नाही. छोट्या डब्यातल्या खतात स्वयंपाकघरातला ओला कचराच घाला, शेण नको.

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे आंबवण. त्यात जीवाणू वाढावेत म्हणूनच ते करतात. मुळाशी खुशाल घाला, कच्च्या खायच्या पानांवर फवारू नका. आणि पानावर ठिपके दिसले म्हणून कृषी दुकानातून स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आणू नका. मुदत संपलेल्या गोळ्या कुंडीत पुरणे हाही त्यातलाच प्रकार.

कोणी कच्चे टाळावे

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, जास्त मात्रेत स्टिरॉइड घेणारे, गरोदर बायका, वर्षाच्या आतली बाळे आणि थकलेली म्हातारी माणसे. त्यांच्यासाठी काकडीऐवजी वाफवलेल्या दुधीचे रायते, गाजर-बीट कुकरला लावून, मोड उकळून. सोलून खायची केळी-संत्री चालतात, मात्र सोलण्याआधी ती धुवा.

प्रतिजैविकाचा कोर्स चालू असताना आणि नंतरचे दोन-तीन आठवडे घरातल्या धडधाकट माणसानेही कच्चे जपून खावे. औषधाने आतड्यातले नेहमीचे रहिवासी कमी झालेले असतात. अशा रिकाम्या घरात औषधाला न जुमानणारा पाहुणा आला तर त्याला हुसकावायला कोणी नसते.

याच कारणाने, भेळ-पाणीपुरी बाधली आणि जुलाब लागले, की कपाटातली नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची उरलेली गोळी घेऊ नका. पाकिटावरची लाल रेषा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये यासाठीच छापलेली आहे. आधी जलसंजीवनी: १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट. शौचात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही किंवा लहान मूल मलूल, यांपैकी काहीही असेल तर तडक डॉक्टर. लघवीचा संसर्ग वर्षात दुसऱ्यांदा झाला असेल तर पहिली गोळी घेण्याआधी लघवीचे कल्चर करून घ्या. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठले औषध चालते ते त्यात लिहिलेले असते.